पानावर टॅग दिसला म्हणून लगेच ‘सेफ’ लावू नका

फोन आला की मी आधी एकच सांगते: जे दिसतंय ते अक्षरन् अक्षर वाचून दाखवा. ‘साइट बिघडली’ किंवा ‘सगळं विचित्र आलंय’ यावरून हाती काही लागत नाही. सांगलीत घरी बसून मी लहानमोठ्या साइट सांभाळते, बहुतेक जँगोवरच्या (पायथन भाषेतली, वेबसाइट बनवायची तयार चौकट). त्यांपैकी एका दिवाळी अंकाच्या संपादकांशी झालेलं हे बोलणं:

“अगं, गोष्टीच्या सुरुवातीला कंसात पी आलाय.”

“कंस कसला सर, गोल की टोकदार?”

“टोकदार.”

“त्याच्या जागी अँडचं चिन्ह, मग एल, टी, असं काही नाही ना?”

“नाही, नुसता कंस.”

एवढ्यावर अर्धं निदान होतं. वाचकाला <पी> असा उघडा टॅग (‘इथे परिच्छेद सुरू’ असं ब्राउझरला सांगणारी खूण) दिसतोय म्हणजे मजकूर एकदा एस्केप झालाय, टॅगच्या चिन्हांच्या जागी निरुपद्रवी संकेत आलेत. सर्व्हरने < च्या जागी &एलटी; पाठवलं आणि ब्राउझरने ते पडद्यावर पुन्हा < म्हणून उमटवलं, पण टॅग म्हणून वागवलं नाही. वाचकाला &एलटी; हेच जसंच्या तसं दिसत असेल तर मात्र दोनदा एस्केप झालंय, आणि पेज सोर्स (पानाचा मूळ कोड) उघडलं की &अँप;एलटी; सापडणार. पहिल्या प्रकारात मी टेंप्लेट (पानाचा साचा) उघडते, दुसऱ्यात डेटाबेस.

दुसऱ्या प्रकारामागे बहुधा जुनी पीएचपी साइट असते. ती करणाऱ्याने मजकूर साठवतानाच एस्केप करून ठेवलेला असतो. तो डेटा नव्या साइटवर येतो, जँगो इमानेइतबारे त्याच्यावर आणखी एक हात फिरवतं आणि जाहिरातदारांच्या नावातल्या & ची &अँप; होऊन बसते. यावर टेंप्लेटमध्ये इलाज शोधू नये. बॅकअप घ्यायचा आणि पायथनच्या एचटीएमएल मॉड्यूलमधलं अनएस्केप त्या कॉलमवर चालवायचं. एकदाच. दुसऱ्यांदा चालवलं आणि कोणी एचटीएमएलवरच लेख लिहिलेला असला, तर त्यातली उदाहरणं खरे टॅग बनून पळ काढतात. साठवताना मजकूर कच्चा ठेवावा, एस्केप बाहेर पडताना करावं.

ईमेलमध्ये याचं एक पिल्लू सापडतं. जँगो साध्या टेक्स्ट टेंप्लेटमध्येही एस्केप करतं, त्यामुळे लेखाच्या शीर्षकात एकेरी अवतरण असलं की ईमेलच्या विषयात &, #, एक्स, 27 असली भानगड उमटते. तिथे ऑटोएस्केप बंद करणं रास्तच आहे, कारण ते एचटीएमएल नाहीच.

आता हे एस्केप मुळात कशासाठी? जँगो पाच चिन्हं बदलतं: <, >, & आणि दोन्ही प्रकारची अवतरणं. 2008 च्या 1.0 आवृत्तीपासून हे आपोआप होतं, रेल्स या दुसऱ्या चौकटीत 2010 च्या 3.0 पासून. लारावेल या पीएचपी चौकटीच्या ब्लेड टेंप्लेटमध्ये दुहेरी महिरपी कंसांत एस्केप होतं, महिरपीच्या आत उद्गारचिन्हं टाकली की होत नाही. रिअ‍ॅक्टवाल्यांनी तर कच्चं एचटीएमएल पानात घालणाऱ्या प्रॉपचं (सेटिंगचं) नावच ‘डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल’ ठेवलंय, टाइप करताना बोटं अडखळावीत म्हणून. धास्तीला कारणही तसंच आहे: एस्केप नसेल तर कोणीही लिहिलेली स्क्रिप्ट पानावर चालू शकते. ऑक्टोबर 2005 मध्ये सॅमी कामकर नावाच्या तरुणाने मायस्पेस या सोशल साइटवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये एक स्क्रिप्ट घुसवली. जो ते प्रोफाइल बघेल त्याच्याकडून सॅमीला मैत्रीची विनंती जायची आणि तीच स्क्रिप्ट बघणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये उतरायची. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलना लागण झालेली. मायस्पेसने गाळणी लावलेली होती, तरीही.

इतकं असूनही पानावर टॅग दिसला की लोकांचा हात सेफ फिल्टरकडे (‘याला एस्केप करू नको’ असं जँगोला सांगणारा शब्द) जातो. या अंकाची साइट माझ्याकडे आली तेव्हा जिथे तिथे सेफ होतं. लेखाला सेफ, लेखकपरिचयाला सेफ, वाचकांच्या प्रतिक्रियांनासुद्धा सेफ! सेफ मजकूर साफ करत नाही. ‘हा तपासलेला आहे’ अशी चिठ्ठी फक्त त्याला चिकटवतं. तपासलं कोणी, तर कोणीच नाही.

आणि ही चिठ्ठी सुटते फार सहज. संपादकांच्या फोनमागे तेच निघालं. लेखकाचं नाव, त्याला लिंक आणि पहिला परिच्छेद असं सगळं जोडून देणारं एक छोटं फंक्शन होतं, शेवटी मार्क-सेफ केलेलं, म्हणजे हीच चिठ्ठी लावलेलं. बरीच वर्षं नीट चाललं. मग कोणाला तरी शेवटी एक मोकळी जागा जास्त दिसली, म्हणून माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलाने निकालावर स्ट्रिप (टोकांच्या मोकळ्या जागा कापणारी सोय) लावलं. बास. जँगोची सेफ स्ट्रिंग म्हणजे पायथनच्या साध्या स्ट्रिंगची (मजकुराच्या तुकड्याची) वारस, आणि स्ट्रिप, रिप्लेस, स्लाइस यांच्यातून बाहेर येते ती साधी स्ट्रिंग. चिठ्ठी गळाली, टेंप्लेटने पूर्ण मजकूर एस्केप केला, पी उघडा पडला. सेफ स्ट्रिंगला साधी स्ट्रिंग अधिकच्या चिन्हाने जोडली तरी हेच होतं. ते फंक्शन मी फॉरमॅट-एचटीएमएलने पुन्हा लिहिलं: साचा विश्वासाचा, त्यात भरायची नावं मात्र एस्केप होऊनच आत जातात. त्यालाच कोणी एफ-स्ट्रिंग (नावं आधीच भरलेली स्ट्रिंग) बनवून दिली तर सगळं मुसळ केरात, कारण भरण्यासारखं वेगळं काही उरतच नाही. जँगो 5.0 मध्ये असं एकही आर्ग्युमेंट न देता बोलावल्यावर इशारा यायला लागला, ते बरं झालं.

जुन्या अंकांच्या विभागात याहून मजेशीर काहीतरी बसलेलं होतं. ते लेख डीटीपीवाल्याने कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले, साइटवर तसेच चढवून वर कृतिदेवचा वेबफाँट लावलेला. एका वाचकाची तक्रार आली की ढोलपथकावरच्या लेखात वाक्यं मध्येच तुटतात. मी कंट्रोल-यू दाबून सोर्स पाहिला, तर मजकूर पूर्ण होता, एक अक्षर कमी नाही. इन्स्पेक्टर उघडला तर तिथे कुठल्याच पुस्तकात नसलेले टॅग, आणि त्यांना लांबलचक निरर्थक अ‍ॅट्रिब्यूट.

सर्व्हरने काय पाठवलं ते सोर्स दाखवतो, ब्राउझरने त्याचा काय अर्थ लावला ते इन्स्पेक्टर दाखवतो. दोन्हींत फरक पडला की घोळ त्यांच्या मधल्या वाटेवर झालेला असतो. इथे वाट अशी: कृतिदेव युनिकोड नाही. फायलीत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांना देवनागरी रूप देतो तो फाँट. त्यात ढ म्हणजे < आणि झ म्हणजे >. ‘ढोल’ लिहिलं की < ला चिकटून लगेच इंग्रजी अक्षर येतं, म्हणजे ब्राउझरच्या लेखी टॅग सुरू. तो पुढे जो खात सुटतो तो थेट ‘झाला’ किंवा ‘माझा’ येईपर्यंत. ढ पासून झ पर्यंतचा मजकूर गडप! ढोलपथकावरच्या लेखात ढ किती असतील ते सांगायला नको.

आणि हे घडत होतं ते सेफमुळेच. सेफ काढलं, त्या जागी लाइनब्रेक्स फिल्टर लावला (तो आधी एस्केप करतो, मग ओळींचे परिच्छेद पाडतो), आणि सगळे ढोल जागेवर आले. नव्या लेखांचं तसं नाही, ते सीकेएडिटर या साइटमधल्या लिहायच्या खोक्यातून येतात आणि त्यांत टॅग हवेच असतात. तिथे मी मजकूर साठवायच्या आधीच चाळून घेते, कोणते टॅग चालतील त्याची यादी देऊन. पूर्वी त्यासाठी ब्लीच नावाची पायथन लायब्ररी वापरायचे, ती जानेवारी 2023 मध्ये डेप्रिकेट झाली (आता वापरू नका असं जाहीर झालं), आता एनएच3 आहे. वर्डमधून पेस्ट केलेल्या मजकुराबरोबर येणारा स्टाइलींचा कचराही त्यात जातो, हा वरचा फायदा.

सोर्स आणि इन्स्पेक्टर यांची तुलना नसती तर पुढचेही घोळ मला उमगले नसते. होमपेजवर एका कार्डानंतर फूटरपर्यंत सगळं ठळक झालं होतं. लोक सीएसएस धुंडाळत बसतात. कारण निघालं स्लाइस: लेखाचा एचटीएमएल ठरावीक अक्षरांवर कापलेला, नेमका ठळक करणारा बी टॅग बंद व्हायच्या आधी. असा न मिटलेला बी ब्राउझर पुढच्या प्रत्येक भागात नव्याने उघडतो, नियमच तसा आहे. ट्रंकेटवर्ड्स-एचटीएमएल वापरलं की कापल्यावर टॅग मिटवले जातात. टेंप्लेटमध्ये लेखाभोवती पी लावलेला आणि लेखातही पी, हे तर सर्रास. आतला पी दिसताच ब्राउझर बाहेरचा बंद करतो, मग वर रिकामी जागा पडते आणि बाहेरच्या पीला दिलेली स्टाइल मजकुरापर्यंत पोचत नाही. तिथे डिव्ह (नुसता ठोकळा) हवा.

एका पतसंस्थेच्या साइटवर ‘सध्या योजना उपलब्ध नाहीत’ हे वाक्य तक्त्याच्या आत यायचं सोडून तक्त्याच्या डोक्यावर तरंगत होतं. फॉर लूपच्या एम्प्टी भागात (यादी रिकामी असली की दिसणारा भाग) कोणी ते नुसतंच लिहिलेलं, टीआर-टीडी (ओळ आणि खाना) न देता. तक्त्यात खान्याबाहेर पडलेला मजकूर ब्राउझर उचलून तक्त्याच्या वर नेऊन ठेवतो. सोर्समध्ये तो अगदी बरोबर जागी दिसतो, म्हणून माणूस चक्रावतो.

मराठी साइटला काही दुखणी खास आपली. स्लाइस कोडपॉइंट (युनिकोडमधले सुटे घटक) मोजतं, आपण अक्षरं मोजतो. ‘स्त्री’ डोळ्यांना एक अक्षर, आत सहा कोडपॉइंट. मध्ये कात्री चालली की ‘दिवाळी’ची ‘दिवाळ’ होते नाहीतर शेवटी लटकता हलन्त उरतो. मी मराठीत अक्षरांवर कापतच नाही, शब्दांवर कापते. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये शीर्षकांचं लाइन-हाइट (ओळीची उंची) 1 असतं आणि ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर गेलेलं लपवलेलं. ‘कीर्ती’सारख्या शब्दाचा रफार आणि वेलांटी वरून छाटली जाते, लाइन-हाइट 1.4 च्या आसपास नेलं की निभावतं. आणि लेटर-स्पेसिंगला देवनागरीत हातच लावू नये, शिरोरेषेचे तुकडे पडतात. डिझायनरला ते ‘मोकळं मोकळं’ वाटतं, मला ते दात पडल्यासारखं दिसतं.

कृतिदेवचे लेख आता दिसतात, पण शोधात सापडत नाहीत, कारण गूगलला त्यात मराठी दिसतच नाही. म्हणून ते युनिकोडमध्ये आणायचं काम काढलंय. कन्व्हर्टर बरंच नीट करतो, फक्त ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्यात गडबडतो: कृतिदेवमध्ये पहिली अक्षराच्या आधी टाइप होते, दुसरा नंतर, आणि युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. जोडाक्षर मध्ये आलं की त्याचा अंदाज चुकतो. मुद्रितं संपादक स्वतः तपासतात, लाल पेनाने, प्रिंट काढून. वर्षाकाठी एक अंक या वेगाने चाललंय, आणि मी तगादा लावलेला नाही.