छप्पर मालकाचे, हिशोबही मालकाचा

गोव्यात वेठबिगारीचा विषय काढला की समोरचा माणूस बहुधा उत्तरेकडच्या वीटभट्ट्यांचे, नाहीतर मराठवाड्यातल्या ऊसतोडणीच्या उचलीचे उदाहरण देतो आणि आपल्याकडे तसले काही नाही म्हणून मोकळा होतो. मला हे पटत नाही. आपल्याकडची वेठ सावकाराच्या कागदापेक्षा राहत्या जागेवर उभी होती. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, भाटात (नारळीच्या बागायतीत) घर बांधून राहणारा मुंडकार भाटाची राखण करायचा, नारळ गोळा करायचा, भाटकाराकडे लग्नकार्य निघाले की पडेल ते काम करायचा. आणि मजुरीचा शब्द काढायचा नाही, कारण काढला तर बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघावे लागेल हे त्याला ठाऊक असायचे.

शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ साली झालेल्या मुंडकार कायद्याने नेमक्या याच जागी घाव घातला. मुंडकाराला घरातून काढण्यास त्याने प्रतिबंध केला आणि राहते घर जागेसह, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क दिला. मामलेदारांच्या कचेऱ्यांत मुंडकारांची प्रकरणे वर्षानुवर्षे तुंबून राहतात ही गोष्ट वेगळी, पण घर भाटकाराच्या हातून सुटले की वेठ सुटते हे त्या कायद्याने ओळखले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने वेठबिगार निर्मूलनाचा अध्यादेश काढला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याचा रोख कर्जावर होता: वेठबिगाराचे कर्ज रद्द, त्यापोटी झालेले करार रद्द, आणि वेठीस धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दंडाची ती रक्कम इतक्या वर्षांत हललेली नाही. दोन हजारांत आज मडगावच्या बाजारात चांगला विसवण (सुरमई) घ्यायचा म्हटले तरी हात आखडावा लागतो.

आजच्या गोव्यात घर आणि कर्ज हे दोन्ही फास एकत्र पाहायचे असतील तर मासेमारीच्या जेटीवर जावे. अशाच एका जेटीवर एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, मला हिशोबाची वही दाखवली, आणि त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्याला वाटत नव्हते. खलाशी ओडिशाचे आणि झारखंडचे. प्रत्येकाच्या नावापुढे गावी दिलेली उचल, खाली औषधाचे पैसे, मोबाईलचा रिचार्ज, घरी पाठवलेली रक्कम. मजुरीचा रकाना मात्र कोरा, कारण हिशोब मे महिन्याच्या अखेरीस, मासेमारीची पावसाळी बंदी लागून माणसे गावी निघाली की करायचा. आधार कार्डे तांडेलाच्या पेटीत, ‘हरवू नयेत म्हणून’. झोपायचे ट्रॉलरवरच. मधेच सोडून जाणाऱ्याला काय मिळते, असे विचारल्यावर तो हसला.

या वहीत साखळदंड कुठेच नाही, आणि तपासाला येणारा अधिकारी बहुतेक वेळा साखळदंडच शोधत असतो. कायद्याची व्याख्या याहून पुष्कळ रुंद आहे. घटनेचे २३ वे कलम वेठीसह सर्व प्रकारच्या सक्तीच्या श्रमाला मनाई करते. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे हाही सक्तीचाच श्रम होय, कारण दुसरा पर्याय नसणे हीसुद्धा एक सक्तीच असते. पुढे बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायालय म्हणाले की सक्तीचा श्रम दिसला तर त्यामागे उचल आहे असेच गृहीत धरावे, आणि नसल्यास ते मालकाने सिद्ध करावे. कंत्राटी आणि परराज्यांतून आलेले कामगारही वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, हे १९८५ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. म्हणजे व्याख्या पुरेशी आहे. ती लावण्याची सवय नाही.

याबाबत गोमंतकीयांना एक गोष्ट सहज कळावी. व्यापारी जहाजावर नोकरीला जाणारा आपला तारवटी लेखी करार, दरमहा पगार आणि परतीचे तिकीट हे हक्क म्हणून मागू शकतो, कारण सागरी कामगारांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. तो करार मासेमारीच्या बोटींना लागू नाही. त्यांच्यासाठी २००७ चा वेगळा करार आहे, आणि त्याला भारताने मान्यता दिलेली नाही. आपला मुलगा समुद्रावर गेला तर संरक्षण आणि आपल्या समुद्रावर आलेल्या परक्याच्या मुलाला तांडेलाची वही, हा भेद मला तरी समर्थनीय वाटत नाही.

सुधारणा नेहमी पुढेच जाते असेही नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच कामगारांपासून लागू होत असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा दहा झाली. आठ-नऊ खलाशांची एकच बोट असलेला मालक त्यातून अलगद निसटतो.

पुनर्वसनाच्या योजनेतली गाठ तर आणखी घट्ट आहे. सुटका झालेल्या पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख, अतिशोषणाच्या प्रकरणी तीन लाख अशी तरतूद आहे. पण तातडीची तीस हजारांपर्यंतची मदत वगळता बाकीची रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. खटला चालेपर्यंत खलाशी ओडिशात पुरीला किंवा झारखंडात गुमल्याला पोचलेला असतो, आणि साक्षीसाठी परत येण्याचे भाडे त्याने कोठून काढावे? ही जोड तोडली पाहिजे. मुक्तीचा दाखला मिळाला की पैसे मिळावेत, शिक्षेचे न्यायालयात काय व्हायचे ते होईल.

तोवर हाती असलेल्या अधिकारांतून बरेच होण्यासारखे आहे. आपल्या क्षेत्रात वेठबिगारी चालते का याची चौकशी करणे हे जिल्हाधिकाऱ्याचे कायदेशीर कर्तव्यच आहे. कोणी तक्रार घेऊन येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. १ ऑगस्टला मासेमारी पुन्हा सुरू होते, त्याच्या आधीच्या आठवड्यात बोटी धक्क्याला लागलेल्या असतात आणि माणसे नुकतीच उतरलेली असतात. मामलेदार, कामगार निरीक्षक आणि ओडिया किंवा झारखंडची नागपुरी बोली समजणारा एखादा माणूस यांनी तेव्हा जेटीवर बसून तीनच गोष्टी पाहाव्यात: आधार कार्ड कोणाच्या खिशात आहे, उचल किती घेतली आहे, आणि पगार दर महिन्याला कामगाराच्या स्वतःच्या खात्यात जमा होणार आहे की मे महिन्यात वहीतून निघणार आहे.