हापूसची जुनी झाडं, कटर आणि आमची छाटणी

देवगड तालुक्यातली आमची बाग सासऱ्यांच्या हातची. झाडं इतकी वर गेली होती की शेंड्याला ना घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) पोचायची, ना फवारणी. आत ऊन शिरत नाही म्हणून मोहोर फक्त बाहेरच्या अंगाला, आणि वर बांडगुळाचे झुबके. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाची शिफारस आहे, तिच्या आधाराने मधल्या उंच फांद्या काढायचं ठरवलं. ज्या झाडाची अशी मोठी छाटणी होते, त्याचा पुढचा आंबा गेला असंच धरायचं. म्हणून सगळी बाग एकदम छाटायची नाही, टप्प्याटप्प्याने घ्यायची.

आंबा हे १९६४च्या महाराष्ट्र झाडतोड कायद्याच्या अनुसूचीतलं झाड. आम्ही झाड पाडणार नव्हतो, तरी आधी वन खात्याच्या कार्यालयात विचारून घेतलं. बागेच्या कडेने वीजवाहिनी जाते, त्या बाजूचं काम वायरमनला सांगून लाईन बंद असतानाच केलं.

वर चढायला तात्या. ते मूळचे पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, पण पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं की माडाचा हिशेब आंब्याला चालत नाही. माड सरळ असतो. आंब्याची फांदी आडवी, पावसाळ्यानंतर शेवाळलेली, आणि वाळकी असेल तर कसलीही चाहूल न देता मोडणारी. चढण्याआधी ते झाडाला फेरी मारत. ढोली आहे का, मोहोळ आहे का, बुंध्याशी भिरूडाचा, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीचा, भुसा पडलाय का, हे बघायचं. दोर जिवंत, जाड बेचक्यातूनच टाकायचा. वाळक्या फांदीवर वजन द्यायचं नाही. कटर, म्हणजे साखळीची यंत्रकरवत (चेनसॉ), चालवताना कमरेचा पट्टा दोन जागी बांधलेला हवा, कारण चेन चुकून एका दोराला लागली तर दुसरा माणसाला धरून ठेवतो. शिडीवर उभं राहून कटर चालवणं आणि खांद्याच्या वर उचलून कापणं आमच्याकडे साफ बंद.

मी खाली. खालच्या माणसाचं काम फांद्या ओढण्यापुरतं असतं असं मला वाटायचं. खरं तर अर्धी सुरक्षितता त्याच्याच हातात असते. कटर खालीच गरम करून, बंद करून, दोराने वर पाठवायचा. फांदी पडणार त्या टप्प्यात कुणी उभं राहायचं नाही, आणि वरून हाक आल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मनगटाएवढ्या फांद्यांना तात्या कटर मागतच नाहीत, वाकड्या पात्याची हातकरवत पुरते. ती हलकी, आणि उसळत नाही. कटरच्या बारचं, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीचं, टोक, विशेषतः त्याचा वरचा भाग, लाकडाला टेकला की मशीन तोंडाकडे उसळतं. त्यामुळे टोकाने कापायचंच नाही, आणि रोज सुरुवातीला चेनब्रेक (चेन थांबवणारा ब्रेक) लागतो की नाही ते पाहायचं.

जड फांदीला तीन काप. बुंध्यापासून फूटभर लांब, खालून एक तृतीयांश. मग त्याच्या थोडं पुढे वरून, की फांदी साल न सोलता सुटते. उरलेला खुंट शेवटी, फांदीच्या मुळाशी जो फुगीर कडा असतो त्याच्या बाहेरून. खोडाला घासून कापलं तर जखम भरायला वर्षं लागतात.

कटर माझ्या ताब्यात असल्याने त्याची काळजी मीच शिकले. चेनला धार आहे का हे भुशावरून कळतं. जाडसर सळ्या पडल्या तर ठीक, पिठासारखा भुसा पडला तर बोथट. एका दुपारी तात्या वरून ओरडले, "वयनी, कटर आता धूळ काढता, कानस मारूक व्हयी!" गोल कानस चेनच्या मापाची लागते. आमच्या लहान कटरला ४ मिलिमीटरची, त्याहून मोठ्या चेनला ४.८ची. प्रत्येक दाताला तीस अंशांत, आतून बाहेरच्या दिशेने, सारखेच घाव. एका बाजूचे दात लांब राहिले तर काप वाकडा जातो. दातापुढचा खोलीचा दात, म्हणजे काप किती खोल जावा हे ठरवणारा उंचवटा, साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. तो जास्त घासला की कटर लाकडात अधाशासारखा घुसतो आणि उसळतो. ते काम मी सपाट कानशीने, माप लावूनच करते.

चेन बारखाली लोंबू नये, पण हातमोजा घालून ओढली तर सहज फिरावी. दिवस संपल्यावर ती सैल करते, कारण गरम चेन थंड होताना आखडते. बार वेळोवेळी उलटा लावते, खोबणीतला चिकट गाळ काढते, तेलाचं भोक मोकळं करते. चेनला तेल सुटतंय का ते पाहायला टोक कागदासमोर धरून मशीनचा वेग वाढवायचा. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. जळकं ऑइल वापरून पैसे वाचवायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. त्यात धातूची कीस असते आणि ते अंगावर उडतं.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल आमच्या मशीनला ५०ला १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. पुस्तिकेत असेल तेच प्रमाण पाळावं. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला पाणी धरायची सवय आहे, म्हणून गरजेपुरतंच मिसळते.

कापलेल्या जागांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावली: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र. विळ्याचं पातं बुडवून बघायचं. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. फुटवे भरपूर येतात, त्यातले चांगले दिशा बघून ठेवायचे, बाकीचे कोवळे असतानाच काढायचे.

पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवते, चेन आणि बार तेल लावून वेगळे ठेवते, एअर फिल्टर धुऊन वाळवते. यंदा तात्यांच्या धाकट्याने कानस कशी मारतात ते माझ्याकडून शिकून घेतलं आहे.