आमची वाटचाल : आधी भिंत, मग शेकोटी

भिंतीला पहिलं भोक पाडलं की ड्रिलच्या टोकाशी जी भुकटी पडते, ती आम्ही बोटांवर घेऊन बघतो. लालसर आणि खरखरीत असेल तर वीट. पांढरी, पिठासारखी मऊ आणि भराभर पडणारी असेल तर हलका सच्छिद्र ब्लॉक. राखाडी असेल आणि ड्रिल अडखळत असेल तर काँक्रीट. आणि बिट एकदम आत घुसून हाताला धक्का बसला तर पुढे पोकळी आहे, म्हणजे जिप्सम बोर्ड किंवा पोकळ ब्लॉक. भिंतीवरची फायरप्लेस कशी टांगायची, याचा निम्मा निर्णय त्या चिमूटभर भुकटीत होतो. हे कळायला आम्हाला बरीच वर्षं आणि दोन वाईट प्रसंग लागले.

आम्ही दोघे भाऊ. दादा वायरमन, मी सुतारकामातला. टीव्हीमागची पॅनेलं, भिंतीतली कपाटं, छुपे दिवे अशी कामं जोडीनं करायचो. एका घरी पॅनेलचं काम चालू असताना तिथल्या काकूंनी एक मोठा खोका पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "हीसुद्धा टांगून द्या." आत काचेची इलेक्ट्रिक फायरप्लेस होती. आम्ही ती टांगली, दिवे मालवले, ज्वाळा सुरू केल्या. कामावरची सगळी माणसं दोन मिनिटं हातातलं काम सोडून बघत उभी राहिली. त्या संध्याकाळी घरी परतताना दादा म्हणाला, आपण हेच करू या. फर्मची सुरुवात तिथली.

सुरुवातीला आम्ही दिसण्यावर विकत गेलो. रुंद काच, रंग बदलणाऱ्या ज्वाळा, खाली खडे हवेत की लाकडाचे ओंडके. गिऱ्हाईक विचारायचं, "यातली जास्त गरम कुठली?" आणि आम्ही मोठी दाखवायचो. ते चूक होतं. इलेक्ट्रिक फायरप्लेसमध्ये ज्वाळा दिसतात त्या एलईडीच्या असतात. आतला आडवा दांडा चकचकीत पट्ट्या घेऊन हळूहळू फिरतो, त्यावरून परतलेला उजेड पडद्यावर नाचतो. उष्णता येते ती वेगळ्या कॉइलमधून आणि पंख्यातून, आणि जितके वॅट वीज घेते तितकीच उष्णता देते. दीड हजार वॅटचा साधा हीटर आणि दीड हजार वॅटची भलीमोठी फायरप्लेस खोलीला सारखीच ऊब देतात. आता आम्ही आधी खोली मोजतो. बेताची उंची आणि नीट बंद होणारी दारं-खिडक्या असतील तर चौरस मीटरला १०० वॅट हा आमचा ढोबळ हिशेब. म्हणजे २००० वॅटची फायरप्लेस २० चौरस मीटरच्या खोलीपर्यंत पुरते. त्याहून मोठ्या दिवाणखान्यात ती बसल्या जागेपुरती ऊब देईल, हे आम्ही पैसे घेण्याआधी सांगतो. काही जण तिथेच थांबतात. थांबू द्यावं.

पहिला प्रसंग प्लगचा. एका घरी फायरप्लेस लावून महिना झाला असेल, फोन आला, "प्लास्टिक जळल्यासारखा वास येतोय." दादानं फोनवरच मेन बंद करायला सांगितलं आणि आम्ही धावलो. फायरप्लेस ठणठणीत होती. पण वायर आखूड पडते म्हणून तिथे एक्स्टेन्शन बोर्ड लावला होता, आणि प्लगची एक पिन तपकिरी होऊन बोर्डाच्या प्लास्टिकमध्ये रुतून बसली होती. बोर्ड आम्ही लावला नव्हता, पण लावू नका असंही सांगितलं नव्हतं. ती आमची चूक.

दादानं त्या रात्री कागदावर हिशेब मांडला, तो कागद अजून आमच्या दुकानात लावलेला आहे. २३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे ८.७ अँपिअर. सॉकेटची पकड सैल पडून तिथे नुसता ०.२ ओहमचा अडथळा तयार झाला, तरी त्या एका टोकाशी १५ वॅट उष्णता साठते. १५ वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. पण छोटा सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याचाच असतो, आणि तो शिसं वितळवतो. तो आयर्न प्लास्टिकच्या डबीत कोंडून तासन्‌तास चालू ठेवला तर काय होईल, तेच त्या बोर्डात झालं होतं. जिथे वीज १२० व्होल्टची असते तिथे तर दीड हजार वॅटलाच १२.५ अँपिअर लागतात. १५ अँपिअरच्या सर्किटवर मग दुसरं मोठं काही लावायला जागाच उरत नाही.

तेव्हापासून नियम ठरला. फायरप्लेससाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, तिचा स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच), पुरेशा जाडीची तांब्याची वायर, तपासलेलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टिप्लग, टायमरचं स्वस्त सॉकेट यांतलं काहीही मध्ये येणार नाही. काम झालं की आम्ही फायरप्लेस अर्धा तास पूर्ण ताकदीवर चालवतो, तोवर सामान आवरतो, आणि मग दादा प्लगला हाताची पालथी बाजू लावून बघतो. कोमट ठीक. चटका नको. हल्ली इन्फ्रारेड थर्मामीटरही आहे, पण हात लावल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही.

दुसरा प्रसंग भिंतीचा, आणि तो पूर्णपणे माझा. हलक्या ब्लॉकची भिंत होती. मी विटेच्या भिंतीत वापरतो तीच प्लास्टिकची गिट्टी, म्हणजे स्क्रूला पकड देणारी नळी, ठोकली, स्क्रू पिळले, ब्रॅकेट हलवून बघितलं, घट्ट. २५ किलोची फायरप्लेस चढवली. तीन आठवड्यांनी तिथल्या आजोबांनी फोन करून सांगितलं की वरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट दिसतेय. जाऊन बघतो तर वरचे स्क्रू गिट्टीसकट सरकत बाहेर येत होते. वजन नुसतं खाली ओढत नाही. फायरप्लेसला जाडी असते, तिचा भार भिंतीपासून थोडा पुढे असतो, म्हणून ती वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटायला बघते. ब्लॉक सच्छिद्र असतो, गिट्टी फुगली की त्याची आतली कड चुरा होते आणि पकड हळूहळू जाते. त्या खोलीत लहान नातू खाली खेळत असायचा. मला त्यानंतर कित्येक दिवस नीट झोप लागली नाही.

आता हलक्या ब्लॉकमध्ये आम्ही ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारी सोय, बंद ठेवून भोक पाडतो, म्हणजे कडा फुटत नाहीत. मग त्या ब्लॉकसाठीच बनवलेले लांब अँकर किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, वापरतो. केमिकल अँकर लावताना भोकातली भुकटी फुंकून, ब्रश फिरवून, पुन्हा फुंकून काढावी लागते, नाहीतर रसायन भिंतीऐवजी धुळीला चिकटतं. आणि ते वाळायला जो वेळ लिहिलेला असतो तो द्यावाच लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, आजच चढवा, पाहुणे येणारेत. आम्ही दुसऱ्या दिवशी येतो. जिप्सम बोर्डच्या भिंतीत नुसत्या बोर्डावर भरवसा नाही. आतल्या उभ्या पट्ट्या शोधायच्या, बहुतेक ठिकाणी त्या ४० किंवा ६० सेंटिमीटरवर असतात, आणि ब्रॅकेट त्यांच्यात कसायचं. पट्ट्या सोयीच्या जागी नसतील तर मी मागे आडवी फळी घालून घेतो. भोक पाडण्याआधी भिंतीतली वायर शोधणारा डिटेक्टर फिरवणं आलंच. सॉकेटच्या सरळ वर आणि सरळ खाली तर आम्ही ड्रिल टेकवतही नाही, कारण वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

खऱ्या ज्वाळेबद्दलही विचारणा होतेच. मध्ये दोन हंगाम आम्ही बायोइथेनॉलवर, म्हणजे स्पिरिटसारख्या द्रव इंधनावर, जळणाऱ्या भिंतीवरच्या फायरप्लेस विकल्या. दिसायला त्या फार सुंदर, चिमणी नको, वीज नको. मग आम्ही त्या बंद केल्या, आणि का, ते मोकळेपणानं सांगतो. चिमणी नको याचा अर्थ जळून जे तयार होतं ते खोलीतच राहतं. एक लिटर इंधन जळलं की सुमारे दीड किलो कार्बन डायऑक्साइड आणि जवळजवळ एक किलो पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं. खिडकी थोडी उघडी ठेवायला लागते, आणि ऊब हवी म्हणून फायरप्लेस घेतलेलं माणूस खिडकी लावून घेतं. त्याहून मोठा धोका पुन्हा भरण्याचा. इथेनॉलची ज्वाळा उजेडात निळसर, जवळजवळ न दिसणारी असते. विझली असं वाटून कोणी गरम बर्नरमध्ये कॅनमधून ओतलं, तर ओतताओतताच वाफ पेटते आणि आग धारेवरून कॅनकडे येते. इथेनॉल १३ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, मग गरम धातूवर काय विचारता. युरोपात या उपकरणांसाठी ईएन १६६४७ हे मानक आहे, त्याप्रमाणे बनलेलं उपकरण आणि काळजीपूर्वक वापरणारं माणूस असेल तर गोष्ट वेगळी. पण आम्ही लावून निघून येतो आणि भरणारा हात रोज वेगळा असतो. एका ताईंच्या मनगटाला थोडंसं भाजल्याचं कळलं, त्याच आठवड्यात उरलेला माल परत पाठवला.

गॅसच्या फायरप्लेसची जोडणी आम्ही करत नाही. ते परवानाधारक गॅस फिटरचं काम. कोणाला तीच हवी असेल तर एवढंच सांगतो की बाहेरची हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारी, बंद काचेची घ्या, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. त्या वायूला रंग नाही, वास नाही.

जागा निवडायची आमची पद्धत बरीच जणांना आवडते. फायरप्लेसच्या मापाचा कागद कापतो, चिकटपट्टीनं भिंतीवर लावतो आणि घरच्यांना नेहमीच्या जागी बसायला सांगतो. उभं राहून बघितलं की प्रत्येक जण ती उंच लावायला सांगतो. बसल्यावर कागद हमखास खाली येतो. कागद एक दिवस तसाच राहू द्या म्हणतो. दुसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी म्हणतंच की दार उघडलं की इथे आपटेल, किंवा पडदा इथपर्यंत उडतो. पडदा, सोफा, कागदपत्रं यांच्यापासून समोर किमान ९० सेंटिमीटर मोकळी जागा आम्ही धरतो, आणि मॉडेलच्या पुस्तिकेत जास्त लिहिलं असेल तर ते.

वर टीव्ही लावायचा असेल तर पहिला प्रश्न, गरम हवा कुठून बाहेर पडते? काही मॉडेलांत खालून किंवा समोरून, काहींत वरच्या जाळीतून. वरून पडणारी असेल तर आम्ही टीव्ही दुसऱ्या भिंतीवर सुचवतो, किंवा मधे पुढे आलेली फळी देतो आणि अंतर पुस्तिकेप्रमाणे ठेवतो. जाळीवर शोभेची वस्तू ठेवणं, ओले कपडे वाळत टाकणं यानं आतला थर्मल कटआउट, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा स्विच, फायरप्लेस बंद पाडतो. लोक म्हणतात, बिघडली. ती बिघडलेली नसते, तिनं स्वतःला वाचवलेलं असतं. प्लग काढून थंड होऊ द्यायची, अडथळा काढायचा. तरीही पुन्हा बंद पडली तर मात्र वापरू नका, आम्हाला बोलवा.

दरवर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी आम्ही जुन्या घरी चक्कर मारतो. जाळीतली धूळ ओढून काढायची, ब्रॅकेटचे स्क्रू बघायचे, सॉकेटची पकड बघायची. ज्वाळा थबकत असतील तर बहुतेक वेळा त्या फिरत्या दांड्याचा रबरी बुश झिजलेला असतो, तो बदलायचा. प्रत्येक घराची नोंद वहीत आहे. भिंत कशाची, अँकर कुठला, वायर कुठून गेली, अर्थिंगचं रीडिंग किती. वही आता तिसरी आहे.

तेव्हा आम्हाला फोन कराल तर आवडलेल्या मॉडेलचा फोटो नंतर पाठवा. आधी त्या भिंतीचा, जवळच्या सॉकेटचा आणि मेन बोर्डाचा पाठवा. बोर्डाचं झाकण उघडू नका, ते दादा येऊन उघडेल.