अंभोऱ्याला अख्खी बोट करा, अन् खडकाच्या कडंकडंनं फिरा

अंभोऱ्याला येणारे बहुतेक लोकं नव्या पुलाखालून बोटीचा एक राउंड मारतात, फोटो काढतात अन् वापस जातात. तसं करू नका बाप्पा. माणशी तिकिटाच्या बोटीत दाटीवाटीनं बसण्यापेक्षा चार-पाच जण मिळून अख्खी बोट ठरवा, सकाळी लवकर ठरवा, अन् नावाड्याला सांगा की घाई नाही, कडंकडंनं ने. आम्ही तसंच केलं. एवढा सुंदर पाण्याचा भाग आपल्या घराजवळ आहे हे विदर्भातल्याच लोकांना माहीत नाही याचं लय वाईट वाटते.

अंभोरा म्हणजे नागपूर जिल्ह्यातला कुही तालुका, वेलतूरच्या पुढं. वैनगंगेला कन्हान, आम, कोलारी, मुरझा इथंच मिळतात म्हणून पाच नद्यांचा संगम म्हणतात, पण आता त्या वेगळ्या दिसत नाहीत कारण खाली गोसीखुर्दचं धरण आहे अन् त्याचं पाणी इथपर्यंत थोपलं आहे. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हातून भूमिपूजन झालेलं हे धरण, पाणी २४५.५ मीटरच्या पूर्ण पातळीवर न्यायला तीस वर्षांच्या वर गेले. मधातल्या काळात गावं उठली, वावरं गेली, अन् ज्या टेकड्यांवर पोट्टे ढोरं चारायचे त्यातल्या काही आता बेटं होऊन बसल्या.

आमचे नावाडी ढिवर, म्हणजे मासेमार समाजातले काका होते, जन्म नदीवरच गेलेला. चैतन्येश्वराच्या देवळाच्या टेकडीखालून निघालो तेव्हा पाणी एकदम सपाट होतं. थोडं पुढं गेल्यावर काकांनी इंजिन बंद केलं अन् वल्हं घेतलं. मी म्हटलं, "काऊन काका, बंद पडलं का?" तर म्हणे, "नाही जी, खाली चिचेचं बन होतं, खोडं अजून उभेच हायेत, पंखा अटकला का मग कोण काढन." खाली पाहिलं तर काहीच दिसत नव्हतं, पण तिथून पुढं आम्ही सगळे हळू आवाजात बोलत होतो.

अन् इंजिन बंद झाल्यावरच खरी मजा सुरू झाली. खडक हाताला लागतील एवढ्या जवळून बोट जाते. हा पश्चिम विदर्भातला काळा बेसाल्ट नाही, त्याच्याहून लय जुना दगड आहे, करडा, मधात पांढऱ्या शिरा, कुठं कुठं पापुद्र्यासारखा सुटलेला. त्यावर पाण्याच्या पातळीचा पांढुरका पट्टा सरळ रेषेत दिसतो, पावसाळ्यानंतर पाणी कुठवर होतं ते तिथं वाचता येते. टोकाच्या खडकांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले, खंड्या एकदम समोरून निळा चमकत गेला, अन् दूर उथळ पाण्यात चक्रवाकाची जोडी होती. हिवाळ्यात गेलात तर दुर्बीण न्याच.

टेकडीवरचं देऊळ पाण्यातून पाहण्यात वेगळीच गंमत आहे. मुकुंदराजांनी विवेकसिंधु इथंच लिहिला असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, ११८८ चा ग्रंथ, मराठीतल्या सगळ्यात जुन्यांपैकी. अंबेजोगाईवाले तो मान आपला सांगतात, त्यांचंही ऐकावं, पण त्या खडकाखाली बोट थांबवून बसलं की माझं मन अंभोऱ्याकडंच जाते. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतल्या हरिहरनाथांची समाधीही इथंच आहे. महाशिवरात्रीला जत्रा असते, तेव्हा निवांत बोट मिळायची आशा ठेवू नका.

एक गोष्ट मात्र पाहवत नाही. कन्हानच्या बाजूला वळलो तर हिरवीगार जलपर्णी पसरलेली, बोट पुढं जाईना. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये अन् तिथून इथं येते, त्या घाणीवरच ती पोसते. काका म्हणे जाळं टाकलं का मासोळीपेक्षा पालाच जास्त निघते, मरळ तर आता नशिबानं. ज्या लोकांची वावरं धरणात गेली, ज्यांचं पोट नदीवर आहे, त्यांच्याच दारात शहराची घाण यावी याचा मला खरंच राग येते. पुलावर ४० मीटर उंच गॅलरी बांधता येते तर नाल्याचं पाणी साफ करून सोडताही आलं पाहिजे.

जायचं असन तर दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत जा, पाणी भरपूर असते अन् ऊन लागत नाही. दहाच्या पुढं वारा सुटते, मग छोटी बोट हलते, म्हणून उजाडताच निघा. लाइफ जॅकेट मागून घ्या, पोट्ट्यांना तर घालाच. भाव बसायच्या आधी बोलून घ्या, पण स्थानिक ढिवराचीच बोट करा अन् पैसे त्याच्याच हातात द्या. खडक कुठं पाण्याखाली लपला आहे ते त्यालाच माहीत असते.