हात तर मोकळेच होते

कापसाच्या हंगामात दिवेलागणीला राळेगाव-कळंब रस्त्यावर फार जपून जावं लागतं. ताडपत्रीखाली फुगलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात, मागे ना दिवा ना रेडियम. नेमक्या त्याच वेळी वेचणीच्या बाया घराकडे निघतात, बहुतेकदा मालवाहू गाडीत उभ्यानं. मी १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. नोव्हेंबरात अशाच एका संध्याकाळी कॉल आला: छोटा हत्ती, म्हणजे लहान मालवाहू टेम्पो, उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला, आत बाया आहेत.

पोचलो तेव्हा रस्ताभर डबे आणि कापसाची बोंदरी पसरली होती. गावची पोरं मोबाईलचे टॉर्च धरून उभी होती. अशा वेळी जी ओरडते तिच्याकडे आधी धावावंसं वाटतं, पण पाहायचं असतं जी गप्प आहे तिच्याकडे. एक बाई मांडीचं हाड मोडून किंचाळत होती. तिच्या पलीकडे चाळिशीतली एक जण शांत पडलेली, हाक मारली की डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. टॉर्च मारून पाहिलं तर उजव्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा मोठी. म्हणजे डोक्यात रक्तस्राव होत असणार. मानेला कॉलर, बोर्डवर बांधणं, ऑक्सिजन, आणि दुसरी गाडी मागवून आम्ही तिला घेऊन सरळ यवतमाळच्या मेडिकलला निघालो. मांडीवालीला फळी बांधून मागच्या गाडीसाठी ठेवावं लागलं. तिचा हात माझ्या ॲप्रनवरून सोडवताना फार जड गेलं.

निघण्याआधी चालकाला तपासलं होतं. पंचविशीतला पोरगा, मनगट मोडलेलं, छातीला स्टिअरिंगचा मार. दारूचा वास नाही, डोळ्यांत झोप नाही. एका कानात ब्लूटूथ तसंच. मी काही विचारायच्या आधीच तो बोलला, "मी समोरच पाहत होतो जी मॅडम. हात त मोकळेच होते माहे. पण ट्रॉली दिसलीच नाही."

फोन होता शेतमालकाचा. उद्या किती बाया आणतोस, हे त्याला विचारायचं होतं. "मी मनात बाया मोजत होतो जी," पोरगा म्हणाला, "कोन येते, कोन नाही."

तो खोटं बोलत नव्हता, याची मला खात्री आहे. डोळे रस्त्यावर होते, पण मन हिशेबात अडकलं होतं. मन दुसरीकडे असलं की डोळ्यासमोरची वस्तूही नोंदली जात नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. ताशी ५० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. दोन नावं आठवेपर्यंत ट्रॉली अंगावर येते.

'हॅन्ड्सफ्री असेल तर काय हरकत आहे' असं म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. फोन हातात धरून गाडी चालवणं तेव्हा 'धोकादायक वाहन चालवणं' या गुन्ह्यात धरलं गेलं: पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. २०२० च्या नियमानं फोनवर फक्त नकाशात रस्ता पाहण्यापुरती सूट दिली, तीही लक्ष विचलित न होता. पण हे सगळं हातावर येऊन थांबतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हॅन्ड्सफ्री फारसा सुरक्षित नाही. माणसं नेणाऱ्या गाडीच्या चालकाला बोलण्याचीच बंदी हवी, असं माझं ठाम मत आहे.

फोनच नको, असं मी म्हणत नाही. त्या संध्याकाळी फोन नसता तर आम्ही पोचलोच नसतो. आमच्या पायलटला, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकालाही, सतत फोन येतात: कोणत्या पांदणीतून वळायचं, कोणतं शेत. ते सगळे मी घेते. तो फक्त गाडी चालवतो.

आणि दोष एकट्या चालकाचा कसा? मालकाचा फोन उचलला नाही तर उद्याचं भाडं दुसऱ्याला जातं. पोट त्या फोनवर आहे, म्हणून तो उचलतो. फोन करणाऱ्यानं आधी 'गाडीवर आहेस का' एवढं विचारून ठेवून दिला तर कोणाचा कापूस शेतात राहतो?

त्या बाईची शस्त्रक्रिया झाली. ती वाचली, पण डाव्या हातात जोर नाही. कापूस वेचायला दोन्ही हात लागतात, आणि मजुरी किलोवर मिळते.

पुढे त्या गावात आरोग्य शिबिराला गेले तेव्हा मी हा विषय काढला. मांडीवाली काठी टेकत आली होती. तिनंच विचारलं, "त्याचा फोन आमच्यातल्या एकीनं धरला त? मालकाले आम्हीच सांगू न किती जणी येतो ते." तिथल्या मुकादमानं ते मान्य केलं. आता त्या टोळीत चालकाचा फोन पुढच्या सीटवरच्या बाईकडे असतो. शेजारच्या गावांत अजून नाही.