पाणी दाराशी थांबले पाहिजे

गेल्या महिन्यात साताऱ्याहून माझ्या मावसभावाचा फोन आला. त्याला अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या एका कंपनीत नोकरी मिळाली असून दिवाळीनंतर तो सहकुटुंब नेदरलँड्सला येणार आहे. पगार, व्हिसा, मुलांची शाळा यांबद्दल त्याने एक शब्दही विचारला नाही. "दादा, मला होडी घ्यायची आहे. घर कुठे बघू तेवढे सांग," एवढेच तो म्हणाला. कॉलेजात असताना बामणोलीहून वासोट्याला जाताना लाँचच्या अगदी नाळेवर बसायला मिळावे म्हणून हा मित्रांशी भांडत असे, त्यामुळे मला त्याच्या प्रश्नाचे आश्चर्य वाटले नाही. मात्र उत्तर फोनवर आटपण्यासारखे नव्हते. या एका प्रश्नापायी आम्ही येथे दोनदा घर शोधले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची पहिली चूक होफ्डडॉर्प या गावी झाली. विमानतळ जवळ, अ‍ॅमस्टरडॅमची गाडी हाताशी, भारतीय कुटुंबे पुष्कळ, आणि घराच्या मागच्या दारापासून दहा पावलांवर कालवा. नकाशात पाहिले तर वेस्टआइंडर नावाचे मोठे तळे काही किलोमीटरवर दिसत होते. घर दाखवणाऱ्या एजंटने 'पाण्याकाठचे घर' असे म्हटले होते आणि ते खोटेही नव्हते. आम्ही घर भाड्याने घेतले, पुढच्याच महिन्यात चार मीटरची एक जुनी होडी विकत आणली आणि एका रविवारी डबा बांधून तळ्याकडे निघालो. वीस मिनिटांत कालवा एका मोरीच्या तोंडाशी येऊन संपला. परत येताना शेजारचे आजोबा बागेत उभे होते. तळ्याकडे जायची वाट कोणती, असे मी त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी डावीकडे नाही, उजवीकडे नाही, तर चक्क वर बोट दाखवले.

ते खरेच वर होते. होफ्डडॉर्प ज्या जमिनीवर वसले आहे ती जमीन पूर्वी हार्लेमरमेर नावाच्या प्रचंड सरोवराचा तळ होती. 1849 ते 1852 या काळात वाफेवर चालणाऱ्या तीन पंपगृहांनी ते सरोवर उपसून कोरडे केले. त्याच तळावर आज शेती आहे, गावे आहेत आणि स्किफोलचा विमानतळही आहे. कडेने जो गोल कालवा खणला, त्याच्या बांधावर चढून उभे राहिले की एका बाजूला खाली घरांची छपरे दिसतात आणि दुसऱ्या बाजूला आपल्या पायाशी शिडाच्या होड्या चाललेल्या असतात. आमच्या दारातला कालवा हा खालच्या जमिनीतले पाणी गोळा करून पंपाकडे नेणारा चर होता. वरच्या कालव्याचे पाणी त्याच्यापेक्षा सुमारे पाच मीटर उंच होते आणि आमच्या चरातून तेथे चढायला होडीला वाट नव्हती.

अशा उपसलेल्या, खोलगट जमिनीला येथे पोल्डर म्हणतात, हे आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक असते. मला तोवर ठाऊक नव्हता तो शब्द म्हणजे बूझम. पोल्डरमधून उपसलेले पाणी ज्या वरच्या कालव्यांत आणि तळ्यांत साठवतात आणि तेथून पुढे समुद्राकडे सोडतात, त्या जोडलेल्या जाळ्याला बूझम म्हणतात. होडीवाल्याचे खरे पाणी ते हेच. त्यामुळे घर पाहायला गेल्यावर मी एजंटला पहिला प्रश्न विचारतो तो हा, की मागचे पाणी पोल्डरचे आहे की बूझमचे. याचे उत्तर ज्याला देता येत नाही त्याच्याबरोबर दुसरे घर पाहायला मी जात नाही.

सांगलीच्या माणसाने ही चूक करावी, ही खरी लाजेची गोष्ट. पावसाळ्यात आपल्याकडे पहिला प्रश्न 'जेवलास का' हा नसतो, 'आयर्विनला किती फूट' हा असतो. कृष्णेवर 1929 मध्ये बांधलेल्या त्या आयर्विन पुलाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते पाणी 57 फुटांच्या वर गेले होते आणि आमच्या गल्लीत होडी आली होती ती हौसेची नव्हती. पाण्याची पातळी मोजणाऱ्या गावातून मी आलो आणि येथे पातळीच विचारायची विसरलो.

आपल्याकडे पाणी एवढे असून हौशी नौकाविहार का रुजत नाही, याचे एक कारणही मला त्या बांधावर उभे असताना कळले. कृष्णा उन्हाळ्यात खाली सरकते आणि श्रावणात घाटाच्या पायऱ्या गिळून वर येते. कोयना धरणाच्या शिवसागराचे पाणी पावसाळ्याअखेर झाडांना टेकते आणि मे महिन्यात तेथेच उघडा लाल उतार दिसतो. अशा पाण्याला पक्का धक्का बांधायचा तरी कुठे? होडी दाराशी बांधायची असेल तर आधी पाणी दाराशी थांबले पाहिजे.

दुसऱ्या वेळी मात्र आम्ही वर्षभर फिरून, होड्या भाड्याने घेऊन, एकेक जागा पारखली. लायडनजवळची काखची तळी सुंदर आहेत आणि नोकरीच्या दृष्टीने फारच सोयीची, पण पाण्याला लागून असलेल्या घरांच्या किमती ऐकून पत्नीने गाडी वळवायला सांगितले. लोस्ड्रेख्तची तळी पीट म्हणजे जळणाची माती खणून काढल्यामुळे तयार झालेली आहेत. मधूनमधून खणायच्या राहिलेल्या जमिनीच्या अरुंद पट्ट्या, त्यांवर झाडे, बदकांची घरटी. तेथे एक शनिवार घालवावा, पण जून-जुलैत तेथील पाण्यावर इतकी गर्दी असते की गणपतीच्या मिरवणुकीत सायकल चालवल्यासारखे वाटते. अल्मेरे आणि लेलिस्टाट ही गावे मोठ्या पाण्यावर आहेत. 1932 मध्ये 32 किलोमीटर लांबीचा बांध घालून समुद्राचा जो भाग अडवला, त्याच्या गोड्या पाण्यावर. घरे त्या मानाने परवडणारी आहेत. पण हे पाणी विशाल असूनही उथळ आहे, आणि उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात. मुलीला तेथे इतकी मळमळ झाली की परतीच्या वाटेवर तिने आमच्याशी बोलणे टाकले. ज्याला दूरवर शीड हाकायचे आहे, त्याने तेथे अवश्य राहावे. ज्याला कामावरून आल्यावर चहाचा थर्मास घेऊन तासभर पाण्यात जायचे आहे, त्याचे ते गाव नव्हे. आम्ही दुसऱ्या प्रकारचे निघालो.

शेवटी आम्ही उत्तरेला फ्रीसलंड प्रांतातल्या स्नेक या गावी स्थिरावलो. (हे नाव ऐकल्यावर आईने "सापांचं गाव घेतलंस होय?" असे विचारले होते. सापाशी काही संबंध नाही.) फ्रीसलंडची बहुतेक तळी आणि कालवे एकाच बूझममध्ये आहेत आणि त्या साऱ्या जाळ्याची पातळी समुद्रसपाटीच्या खाली 52 सेंटिमीटर राखली जाते. म्हणजे घरामागून निघून या तळ्यातून त्या तळ्यात, या गावातून त्या गावात, पाण्याचे दार न उघडता दिवसच्या दिवस जाता येते. पाऊस अतोनात झाला की पातळी वर सरकते. मग लेमर गावचे 1920 सालचे वाफेचे पंपगृह पेटवतात. ते जागतिक वारसा यादीत आहे, पण नुसते पाहायला ठेवलेले नाही. त्याच्या धुराड्यातून धूर निघाला की आमच्याकडे 'आयर्विन 40' झाल्यासारखे समजावे.

तळी जेमतेम दीड-दोन मीटर खोल असतात. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही वाल्क जातीची साडेसहा मीटरची शिडाची होडी घेतली आणि मी ती लगेच लव्हाळ्याच्या बेटात नेऊन चिखलात रुतवली. पँट वर करून पाण्यात उतरलो, मांडीएवढे पाणी होते. होडीला खांदा लावून ढकलताना मला हरिपूरच्या संगमावर नाव ढकलणारे नावाडी आठवले. त्यांच्या तोंडचे शब्द मात्र येथे लिहिता येण्यासारखे नाहीत.

पातळीनंतर पाहायचे ते पूल. नकाशावर जवळ दिसणारे तळे आणि तुमच्या घरामध्ये जर ठेंगणा, न उघडणारा पूल असेल तर शिडाची होडी घेण्यात अर्थ नाही. आमच्या वाल्कची डोलकाठी आडवी पाडता येते, पण दर फेरीला ती पाडणे-उभारणे ही दोन माणसांची कसरत आहे आणि तिसऱ्या आठवड्यात नवरा-बायको अबोला धरतात. फ्रीसलंडमध्ये काही ठिकाणी याला नामी उपाय केला आहे. कालवा वरून आणि मोटाररस्ता त्याच्या खालून नेला आहे. शिडाच्या होडीतून आपण जात असतो आणि खालच्या बोगद्यात ट्रक शिरताना दिसतो. जेथे उघडणारे पूल आहेत तेथे लाल दिवा म्हणजे थांबा, लाल-हिरवा एकत्र म्हणजे तयारीत राहा, नुसता हिरवा म्हणजे निघा. काही जुन्या पुलांवर अजूनही टोल घेतात आणि त्याची रीत मला फार आवडते. पूल उघडणारा माणूस कठड्यावर येतो, माशाच्या गळासारखी काठी पुढे करतो आणि तिच्या दोरीला एक लाकडी बूट लोंबत असतो. तो बूट झुलत झुलत आपल्या तोंडासमोर येतो. होडी न थांबवता त्यात नाणी टाकायची. पहिल्या वेळी माझा नेम चुकला आणि दोन युरोचे नाणे कालव्याला अर्पण झाले. कृष्णेवरचा पूल ओलांडताना एस.टी.च्या खिडकीतून आजी नाणे टाकायची तसेच झाले, असे मनाचे समाधान करून घेतले. वरच्या माणसाने मात्र काठी हलवली नाही. दुसरे नाणे घेऊनच त्याने ती मागे घेतली.

तिसरी गोष्ट म्हणजे होडी बांधायची जागा. येथे तिला 'लिखप्लाट्स' म्हणतात आणि ती घराइतक्याच गांभीर्याने मिळवावी लागते. पाण्याकाठी घर आहे म्हणून त्या काठाला होडी बांधायचा हक्क आपोआप मिळतो, असे समजू नये. तो कागदावर लिहिलेला आहे का, ते पाहावे. नसेल तर धक्क्यावर भाड्याची जागा घ्यावी लागते आणि लोकप्रिय ठिकाणी त्यासाठी नंबर लावावा लागतो. माझा अनुभव सांगतो: होडी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर आठवड्यातून तीनदा पाण्यात जाणे होते, आणि गाडीने अर्ध्या तासावर असेल तर महिन्यातून एकदा.

परवान्याची काळजी मावसभावाने करू नये. 15 मीटरपेक्षा लहान आणि ताशी 20 किलोमीटरहून वेगाने न जाणाऱ्या होडीला येथे परवाना लागत नाही. नियम मात्र शिकावे लागतात. लहान होड्यांमध्ये इंजिनवाल्याने वल्ह्यांच्या आणि शिडाच्या होडीला वाट द्यायची, आणि माल वाहणाऱ्या मोठ्या बार्जला सर्वांनी. त्या बार्जच्या नाखव्याला समोरचे साडेतीनशे मीटरपर्यंतचे पाणी दिसत नाही, ही गोष्ट मी मुलांना परवचा म्हणून घेतल्यासारखी रोज म्हणायला लावली.

आईचा विरोध मात्र नियमांनी मिटणारा नव्हता. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला माणसे बाहेर काढणारी होडी उलटली आणि जीव गेले; त्या दिवसापासून होडी हा शब्द तिला घरात नको असतो. तिची समजूत पटली ती नातवाच्या पोहण्याच्या परीक्षेमुळे. येथे मुलांना पोहण्याच्या प्रमाणपत्रांची पायरी असते आणि पहिल्याच परीक्षेत अंगात कपडे आणि पायात बूट घालून पोहावे लागते, शिवाय पाण्याखालून तीन मीटर अंतर पोहून एका ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे निघावे लागते. मी व्हिडिओ कॉल लावून फोन काठावर धरला. पोरगा बुटांसकट पाण्यात शिरला तशी आई ओरडली, "अरे, बूट तरी काढा त्याचे!" कपडे घातलेला माणूसच पाण्यात पडतो, म्हणून शिकवायचेही तसेच, हे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला समजावले. ते स्वतः पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकलेले आहेत.

या निवडीत गमावले काय, तेही सांगायला हवे. अ‍ॅमस्टरडॅम येथून गाडीने दीड तासाच्या आसपास आहे. मला आठवड्यातून एकदाच जावे लागते म्हणून जमते. ज्याला रोज जायचे आहे त्याने काखच्या बाजूलाच एखादे लहान घर शोधावे. अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅम्स्टलफेनमध्ये कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, मराठी शेजार असे सर्व मिळते. येथे आम्ही हळद, चटणी आणि पोह्यांचा साठा करून ठेवतो. मुलांना शाळेत डच आणि त्यावर फ्रीसियन अशा दोन भाषा आहेत. मोसम एप्रिल ते ऑक्टोबर, एरवी होडीवर ताडपत्री.

एक गोष्ट मात्र मला अनपेक्षित मिळाली. दर उन्हाळ्यात दोन आठवडे येथे स्कूत्शे नावाच्या जुन्या, सपाट बुडाच्या मालवाहू शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. कधीकाळी त्यांतून जळणाची माती, शेणखत आणि बटाटे जात. मुख्य शर्यतीत चौदा होड्या असतात, प्रत्येक एका गावाची, आणि सुकाणूवर बसणारा माणूस जुन्या नाखवा घराण्यातलाच लागतो. काठावर ढोल नसतात, गुलालही नसतो, पण आपल्या गावची होडी वळणावर मागे पडली की म्हातारी माणसे ज्या आवाजात शिव्या देतात, तो आवाज मी सांगलीच्या माईघाटावर, कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतींत ऐकलेला आहे.

परवा संध्याकाळी होडी बांधत असताना अण्णांचा फोन आला. "आयर्विनला 28 फूट हाय. शर्यतीच्या होड्या काढल्यात पोरांनी. तुमच्याकडं किती?"

धक्क्याच्या खांबावरची मोजपट्टी पाहून मी म्हणालो, "उणे 52 सेंटिमीटर."

"काल पण तेवढंच होतं की," अण्णा म्हणाले. "मग रोज बघतोस कशाला?"