गोळी फुकट, मग खर्च कसला?

आफ्रिकेतल्या कृमिरोगांचा विषय निघाला की पहिली पाच मिनिटं लोक हळहळतात आणि मग एक प्रश्न हमखास येतो: "औषधं तर कंपन्या फुकट देतात म्हणे. मग एवढा पैसा जातो कुठे?" विचारण्यात थोडा संशयही असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण इथे अर्धीच लागू पडते, कारण इथली कोंबडी महागच आहे. फक्त तिचं बिल दुसरा कोणी भरतो.

आधी फुकट काय मिळतं ते पाहू. नदीअंधत्वावरचं (काळ्या माशीच्या चाव्यातून होणारा, दृष्टी घालवणारा कृमिरोग) आयव्हरमेक्टिन अमेरिकेतल्या मर्क कंपनीने १९८७ साली मोफत द्यायचं ठरवलं, तेही "लागेल तितकं आणि लागेल तोवर" या शब्दावर. पुढे हत्तीरोगासाठीही ते मिळू लागलं. हत्तीरोगात त्याच्या जोडीला द्यायचं अल्बेंडाझोल १९९८ पासून ग्लॅक्सो देते. त्यातल्या गोळ्या आपल्या नाशिकच्या कारखान्यातही बनतात. गोगलगायींच्या पाण्यातून होणाऱ्या शिस्टोसोमियासिसवर लागणारं प्राझिक्वाँटेल जर्मनीच्या मर्ककडून येतं. नाव एकच असलं तरी या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, आणि कागदपत्रांत हा घोळ होतोच. आपल्याकडे हत्तीरोगाच्या मोहिमेत मिळणारी डीईसी ही गोळी मात्र आफ्रिकेच्या बऱ्याच भागात चालत नाही. नदीअंधत्व असलेल्या माणसाला ती दिली तर डोळ्यांना इजा होऊ शकते.

ही सगळी औषधं देशाच्या बंदरापर्यंत किंवा विमानतळापर्यंत मोफत पोचतात. पुढचा प्रवास देशाच्या खर्चाने. सीमाशुल्कमाफीचं पत्र वेळेत निघालं नाही तर माल गोदीत पडून राहतो आणि दिवसागणिक भाडं चढतं. फुकटच्या मालावरचा हा भुर्दंड कुठल्याही देणगीदाराच्या मंजूर यादीत बसत नाही, म्हणून तो बहुधा दुसऱ्या बाबीतून काढावा लागतो, आणि ती दुसरी बाब म्हणजे जवळजवळ नेहमी जिल्ह्याचं इंधन. मागणीचा अर्जही मोहिमेच्या (म्हणजे आजार असो-नसो, सगळ्या गावाला वर्षातून एकदा गोळ्या द्यायच्या फेरीच्या) सहा-आठ महिने आधी जागतिक आरोग्य संघटनेकडे जायला हवा. त्यात गेल्या फेरीत किती लोकांनी गोळ्या खाल्ल्या आणि किती गोळ्या शिल्लक आहेत हे लिहायचं असतं. एका जिल्ह्याचा अहवाल अडला की सगळ्या देशाचा अर्ज अडतो.

आता एका जिल्ह्याचा हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण खरं आहे. लोकसंख्या २,००,०००. आयव्हरमेक्टिन ९० सेंटीमीटरपेक्षा बुटक्या मुलांना, गरोदर बायकांना, गेल्या आठवड्यात बाळंत झालेल्यांना आणि फार आजारी माणसांना देत नाहीत. ते वगळून साधारण ८४ टक्के, म्हणजे १,६८,००० माणसं उरतात. डोस वजनावर ठरतो, पण गावोगाव वजनकाटा कोण नेणार? म्हणून उंचीची खुणा केलेली काठी वापरतात: ११९ सेंटीमीटरपर्यंत एक गोळी, १४० पर्यंत दोन, १५८ पर्यंत तीन, त्यावर चार. माणशी सरासरी २.८ गोळ्या धरतात. म्हणजे ४,७०,४०० गोळ्या. ५०० च्या बाटलीने ९४१ बाटल्या.

कागदावर हे जुळतं. प्रत्यक्षात दर २५० माणसांमागे एक गावचा स्वयंसेवक धरला तर ८०० स्वयंसेवक होतात. प्रत्येकाच्या वाट्याला २१० पात्र माणसं आणि ५८८ गोळ्या येतात. एक बाटली पुरत नाही आणि दुसरीतल्या ८८ च लागतात. सगळ्यांना दोन-दोन बाटल्या द्यायच्या तर १,६०० हव्यात. दोघांची जोडी करून तीन दिल्या तरी १,२००. हातात आहेत ९४१. म्हणजे बाटल्या फोडून मोजून वाटायच्या, फेरी संपली की उघड्या बाटल्या परत आणायच्या आणि गोळी अन् गोळी पुन्हा मोजायची. या परतीच्या प्रवासाला बजेटमध्ये ओळच नसते, आणि मग वर्षभराने गावच्या कपाटात मुदत संपलेल्या बाटल्या सापडतात.

पैशाकडे या. ८०० स्वयंसेवकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण, जेवण आणि येण्याजाण्याचे मिळून डोक्यामागे ५ डॉलर: ४,००० डॉलर. सहा दिवस वाटप, रोज ३ डॉलर हातखर्च: १४,४००. वीस स्वयंसेवकांमागे एक पर्यवेक्षक म्हणजे ४० जण, आठ दिवस, मोटारसायकलला रोज चार लिटर: १,२८० लिटर पेट्रोल. मग नोंदवह्या, काठ्या, रेडिओवरची जाहिरात, दवंडी, औषधाचा त्रास झाला तर आरोग्य केंद्रात लागणारी औषधं, आणि आकडे संगणकात भरणारी माणसं. यात सगळ्यात नाजूक बाब हातखर्चाची. रोजचा एकच डॉलर वाढवा, ४,८०० डॉलर वाढतात, म्हणजे आख्ख्या प्रशिक्षणापेक्षा जास्त. आणि तो वाढवावा लागतोच, कारण त्याच महिन्यात मलेरियाच्या मच्छरदाण्या वाटणारा कार्यक्रम जास्त देत असतो. मलेरियाच्या पाठीशी ग्लोबल फंड हा एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी आहे. या कृमिरोगांना तसा वाली नाही. गावातला हुशार तरुण कुठे जाईल हे सांगायला नको.

स्वयंसेवकाला मुळात काहीच द्यायचं नाही, गावाने आपला माणूस निवडावा आणि गावानेच त्याचं बघावं, अशी कल्पना १९९५ साली सुरू झालेल्या आफ्रिकी नदीअंधत्व कार्यक्रमात होती. ती पुष्कळ ठिकाणी चाललीही. पण पंधरा वर्षं दर वर्षी आठवडाभर पेरणीचं काम सोडून घरोघर फिरणाऱ्याला "हे तुझंच गाव आहे" एवढं सांगून भागत नाही, असं माझं मत आहे. कार्यक्रमाचे बाकी सगळे पगारी असतात.

"माणशी वर्षाला अर्धा डॉलरही लागत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. आपल्या उदाहरणातल्या जिल्ह्यात त्या दराने ८४,००० डॉलर होतात, आणि दाट वस्तीत तेवढ्यात निभावतंही. पण नदीपलीकडच्या विखुरलेल्या जिल्ह्यात माणसं एक दशांश असली तरी गाडी, रेडिओ आणि प्रशिक्षकांचे दिवस तितकेच लागतात. वर होडीचं भाडं. सरासरी दर सगळ्यांना सारखा लावला की दाट जिल्ह्यात पैसे उरतात आणि विरळ जिल्ह्यात मोहीम तिसऱ्या दिवशी बंद पडते. सरासरीवर बजेट करू नका, जिल्ह्याजिल्ह्यावर करा. त्यासाठी टिपॅक नावाची एक्सेलवरची तयार चौकट आहे. ती किचकट आहे आणि एकाच माणसाला भरता येते. तो बदलून गेला की फाइल कुठल्या तरी लॅपटॉपमध्ये राहते.

त्यात पुन्हा उद्दिष्टाचा काटा. हत्तीरोगासाठी एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी गोळी गिळली पाहिजे, नदीअंधत्वासाठी ८० टक्के. पात्र लोकच ८४ टक्के असतील तर ८० गाठायला शंभर पात्र माणसांमधली ९५ माणसं घरी सापडली पाहिजेत आणि त्यांनी समोर गोळी खाल्ली पाहिजे. पहिल्या चार दिवसांत ऐंशी सापडतात. उरलेली पंधरा शेतावर, बाजाराला, खाणीवर किंवा सीमेपलीकडे असतात. त्यांच्यासाठी दुसरी फेरी लागते, आणि बजेट कापायचं झालं की आधी तीच जाते. तिच्यानंतर पर्यवेक्षकाचं पेट्रोल, त्यानंतर मोहिमेनंतरची स्वतंत्र पाहणी. ही पाहणी गेली की उरतात फक्त नोंदवहीतले आकडे, आणि जुन्या जनगणनेवर मोजलेले ते आकडे कधीकधी ११० टक्केही निघतात! वाटलेली गोळी आणि गिळलेली गोळी यांतला फरक गडचिरोली-चंद्रपूरच्या मोहिमांतल्या आशाताईंना वेगळा सांगायची गरज नाही.

पैसा पुरेसा असला तरी तो वेळेवर हवा. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत मोठी मदत देणाऱ्या अमेरिकेचं आर्थिक वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, घाना आणि नायजेरियाचं जानेवारीत, केनिया, टांझानिया, युगांडाचं जुलैत. पावसाळा या कोणालाच विचारून येत नाही. ऑक्टोबरचा पैसा सह्या होत होत जिल्ह्याच्या खात्यात फेब्रुवारीला वर्ग व्हायचा, आणि मार्च-एप्रिलात पाऊस लागला की रस्ते बंद. बरेच करार टप्प्यांवर असतात: अमुक काम झाल्याचा पुरावा द्या, मग ठरलेली रक्कम घ्या. देणाऱ्याला हे सुरक्षित वाटतं. जिल्ह्याला मात्र काम आधी उधारीवर करावं लागतं, आणि ती उधारी शेवटी स्वयंसेवकाच्या डोक्यावर बसते. त्याचे १८ डॉलर चार महिन्यांनी आले तर पुढच्या वर्षी तो येत नाही. मोबाइलवर पैसे पाठवायची सोय झाल्यापासून मधली गळती कमी झाली, पण सिमकार्ड भावाच्या नावावर असलं की रक्कम परत फिरते. म्हणून क्रमांक आणि नावं प्रशिक्षणाच्या दिवशीच ताडून घ्यायची, नंतर नाही.

चलनाचंही तसंच. बजेट डॉलरात आणि खर्च स्थानिक पैशात. मलावीच्या क्वाचाचं नोव्हेंबर २०२३ मध्ये एका फटक्यात ४४ टक्के अवमूल्यन झालं. नायजेरियात त्याच वर्षी मे महिन्यात इंधनाचं अनुदान गेलं आणि जूनमध्ये नायऱ्याचा भाव बाजारावर सोडला. डॉलर धरून बसणाऱ्याला वाटतं आपला फायदा झाला. पण स्थानिक चलनात आधीच मंजूर झालेलं पेट्रोलाचं कूपन निम्म्या अंतरातच संपतं. इंधन रकमेत न लिहिता लिटरमध्ये लिहा, एवढा साधा उपाय आहे.

"मग त्यांची सरकारं काय करतात?" हा पुढचा प्रश्न. तरतूद करतात. आरोग्याला बजेटचा किमान १५ टक्के वाटा देऊ असं आफ्रिकी राष्ट्रांनी २००१ साली नायजेरियातल्या अबुजात मान्य केलं होतं. तो शब्द फार थोड्यांनी पाळला. कृमिरोगांसाठी वेगळं लेखाशीर्ष काही देशांत आहे, पण तरतूद वेगळी आणि निधी प्रत्यक्ष सुटणं वेगळं. मार्चअखेरची आपली धावपळ आठवा. म्हणून एखाद्या देशाचं योगदान तपासताना छापील बजेट बघण्यात अर्थ नाही, गेल्या तीन वर्षांत किती निधी वितरित झाला तो आकडा मागा. पगार, शीतगृह, गोदाम, दवाखान्याची इमारत हा सरकारचाच खर्च असतो आणि तो कुणी मोजत नाही, हेही खरं.

आता शेवटचा टप्पा, जिथे माझ्या मते सगळ्यात मोठी चूक होते. हत्तीरोगाच्या निदान पाच चांगल्या फेऱ्या झाल्या की गोळ्या थांबवता येतील का हे पाहणीने ठरवतात. साधारण सहा-सात वर्षांची १,५०० ते १,७०० मुलं, बोटातून थेंबभर रक्त आणि एक चाचणीपट्टी. पट्टी बरोबर दहाव्या मिनिटाला वाचायची. उशिरा वाचली तर नसलेली रेघ दिसू लागते आणि जिल्हा नापास होतो. त्याची शिक्षा म्हणजे आणखी दोन फेऱ्या, म्हणजे आणखी लाखभर डॉलरहून जास्त खर्च, तोही एका पर्यवेक्षकाकडे घड्याळ नव्हतं म्हणून. पास झालं तरी दोन-तीन वर्षांच्या अंतराने तीच पाहणी आणखी दोनदा करायची असते. गोळ्या थांबल्यावरही चार ते सहा वर्षं पैसा लागतो, आणि नेमका तेव्हा देणगीदार "तिथलं काम संपलं" म्हणून उठलेला असतो. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ जंत असलेल्या भागात तर खर्चाची तऱ्हाच वेगळी. रक्तात हे जंत फार असताना आयव्हरमेक्टिन दिलं तर माणूस बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून आधी प्रत्येकाचं रक्त तपासायचं. हत्तीरोगाचे जंत रात्री रक्तात येतात, लोआचे भर दिवसा, म्हणजे ज्या वेळी माणसं शेतावर असतात त्याच वेळी.

टोगो २०१७ मध्ये हत्तीरोगातून सुटला, नायजर २०२५ च्या जानेवारीत नदीअंधत्वातून. त्याच जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली. तोवर या रोगांसाठी ती वर्षाला ११ कोटी ४५ लाख डॉलर देत होती. ब्रिटनने २०२१ मध्येच आपला मोठा कार्यक्रम मुदतीआधी गुंडाळला होता. दोन्ही वेळा कंपन्यांनी गोळ्या देणं थांबवलं नव्हतं. गोळ्या गोदामात होत्या आणि त्यांची मुदत आपल्या गतीने संपत होती. अशा वेळी उरलेल्या पैशात काय वाचवायचं? माझं उत्तर: ज्या जिल्ह्यांची थांबवण्याची पाहणी एक-दोन वर्षांवर आहे, त्यांचं आधी. तिथे एक फेरी चुकली तर आधीच्या पाचांचा खर्च पाण्यात जातो. नव्याने सुरू करायचे जिल्हे वर्षभर थांबू शकतात. हे कठोर आहे आणि त्या जिल्ह्यांतल्या लोकांना ते पटणार नाही.

आणि ज्यांचे पाय आधीच सुजलेत, ज्यांच्या अंडवृद्धीला शस्त्रक्रियाच लागते, त्यांना यातली एकही फुकटची गोळी बरं करत नाही. त्यांना साबण, स्वच्छ पाणी, मलम आणि जिल्हा रुग्णालयात एक प्रशिक्षित सर्जन हवा. ही बाब बहुतेक बजेटांत शेवटच्या पानावर असते.